गुरम्माचा काळापांढरा फोटो

रुद्रेशनं डोळे बारीक केले, मान एकदा डावीकडं आणि एकदा उजवीकडं वाकडी केली आणि म्हणाला, "आत्या, तुमच्या चेहऱ्यात लई स्टोरी हाय."

गुरम्मा ज्वारी निवडत होती. तिनं मानही वर केली नाही. "हाय का? मग आधी गॅसवरचं दूध बघ. उतू गेलं की तिथंबी स्टोरी हुईल."

हा रुद्रेश तिच्या भावाचा, नायगावच्या शिवमूर्तीचा मुलगा. डॉक्टर करायचं म्हणून बापानं त्याला लातूरला आणून बहिणीच्या घरी ठेवलं होतं. लातूरला पोरगं ठेवलं की डॉक्टर होऊनच बाहेर पडतं, अशी आपल्याकडच्या बापांची ठाम समजूत. गिरणीत वरून जोंधळे ओतले की खालून पीठ येणारच, तसं. रुद्रेश दोन वर्षं त्या गिरणीतून फिरून जोंधळ्याचा जोंधळाच बाहेर पडला होता. तिसऱ्या वर्षी तर त्यानं गिरणीच बदलली. बापाला टेस्ट आहे म्हणून सांगायचं आणि रविवारी नांदेडची बस धरायची. तिथं कुणी एक सर फोटोग्राफी शिकवत. भर वैशाखात गळ्यात मफलर घालणारा आणि डोक्यामागं बायकांसारखा अंबाडा बांधणारा माणूस. त्याचा फोटो रुद्रेशनं आत्याला मोठ्या भक्तीनं दाखवला होता. गुरम्मानं विचारलं, "ह्यांच्या नरड्याला काय झालंय?"

भावाला तिनं यातलं काही कळवलं नव्हतं. प्रेमापोटी नव्हे. कळवलं असतं तर शिवमूर्ती पहिल्या गाडीनं येऊन बोंबलला असता आणि वर चार दिवस राहिला असता. पोरगं परवडलं, बाप नको, असा तिचा साधा हिशेब.

नांदेडच्या सरांनी आता गृहपाठ दिला होता. जे माणूस जन्मात कधी कॅमेऱ्यापुढं बसलं नाही, असं माणूस शोधा आणि त्याचं पोर्ट्रेट करून आणा. रुद्रेशनं आधी क्लासमधल्या एका मुलीला विचारलं. तिनं चप्पल दाखवली. मग कोपऱ्यावरच्या चहावाल्याला विचारलं. तो म्हणाला, बसतो, पण माझ्या गाड्याचं नाव मोठ्या अक्षरात आलं पाहिजे. शेवटी घरात फिरून आला आणि आत्याच्या चेहऱ्यात त्याला स्टोरी दिसली.

"मी न्हाई बसत जा," गुरम्मा म्हणाली. "ह्या वयात मॉडेल होऊ का मी? लोकं काय म्हणतील?"

"लोकं कशाला बघतेत? सरांना दाखवायचाय. आणि चांगला आला तर सोमेशदादाला पाठवू की."

सोमेशचं नाव निघालं आणि गुरम्माचा सुपातला हात थांबला. रुद्रेश डॉक्टरकीच्या 'नीट' परीक्षेत कितीही ढ असला तरी आत्याची दुखरी जागा कुठं आहे, एवढं त्याला बरोबर कळत होतं.

सोमेश तिचा एकुलता एक मुलगा, बायको अंजूसह पुण्यात, कंपनीत. पूर्वी त्याचा फोन महिन्यातून एकदा यायचा, तोही चुकून लागल्यासारखा. दिवाळीपासून मात्र रोज येत होता. आईबद्दल अचानक माया दाटून आली होती असं नाही. गंजगोलाईच्या मागं गुरम्माच्या नवऱ्यानं किराणा दुकान चालवत चालवत बांधलेलं हे घर, त्या जागेला गिऱ्हाईक लागलं होतं. सोमेश त्याला 'पार्टी' म्हणायचा. पार्टी तयार आहे, पार्टी थांबणार नाही, पार्टी गुरुवारी रजिस्ट्रीला येते आहे. घर गुरम्माच्या नावावर होतं, म्हणून सही तिची लागत होती. घर विकायचं, आईनं पुण्याला जायचं, असं ठरलं होतं. म्हणजे सोमेशनं ठरवलं होतं आणि गुरम्मा हो म्हणाली होती.

हो म्हणताना तिनं एकच विचारलं होतं, "तिथं माझी खोली कंची?" सोमेश म्हणाला, "आई, ते बघू गं, आधी सहीचं बघू." पुढच्या आठवड्यात तिनं पुन्हा विचारलं. तेव्हाही तेच. व्हिडिओ कॉलवर तो बोलायचा तेव्हा त्याचे डोळे दुसऱ्याच कुठल्या तरी पडद्यावर असायचे. ती मुद्दाम म्हणायची, "बारीक झाले का रे मी?" तो म्हणायचा, "नाही, छान दिसतेयस," आणि बघायचा भलतीकडंच. एकदा तर फोन तिच्या हातात उलटा होता, कॅमेऱ्यापुढं सगळा पंखा फिरत होता, तरी छानच दिसतेयस.

तर तिला वाटत होतं, पोरानं आपल्याकडं एकदा नीट बघावं. बघावं आणि मग हवं ते घ्यावं. घर काय, ती देणारच होती. तसं ती कुणाला बोलून दाखवणारी नव्हती. रुद्रेशला फक्त म्हणाली, "उद्या सकाळी पूजा झाल्यावर बस म्हण. पण लवकर आटप. तुझ्या फोटोपायी माझी भाकरी राहायला नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरम्मा आंघोळ करून, पांढरं लुगडं नेसून, कपाळावर विभूतीचे तीन आडवे पट्टे ओढून देवघरापुढं बसली. गळ्यातलं इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर घेतलं आणि त्याला पाणी, विभूती, फूल वाहून ती नेहमीसारखी एकटक बघत राहिली. एवढ्यात मागून रुद्रेश ओरडला, "आत्या! हलू नका! हेच! हेच पाहिजे!"

"पूजा करून राहिले मी, मुडद्या!"

"तेच तर! ऑथेंटिक!"

पूजा झाल्यावर त्यानं तिला तशीच, लिंग तळहातावर ठेवून, उठवली. देवघरापुढं म्हणे उजेड वाईट होता. खिडकीजवळ नवऱ्याच्या दुकानातली जुनी उंच लाकडी खुर्ची होती, तिच्यावर त्यानं पांढरी चादर टाकली. आत्याला वर बसवलं. पाय खाली सोडले तर फ्रेम बिघडते म्हणून मांडी घालायला लावली. गुरम्माचे गुडघे कडकड वाजले. पाठ वाकत होती म्हणून मागं पाट लावला, पोळ्या लाटायचा. मान कलत होती म्हणून डोक्यामागं उशी. भिंत मोकळी दिसत होती म्हणून देवाची कालची झेंडूची माळ खिळ्याला अडकवली. आत्याचा मोबाइल घेतला, त्याची बॅटरी लावली आणि डब्याला टेकवून तिच्या तोंडावर सोडली. डोळ्यांत चमक येते म्हणे.

"चष्मा काढा."

"मग तू दिसणार न्हाईस."

"मी दिसायची गरज न्हाई आत्या, तुम्ही दिसल्या पाहिजेत."

चष्मा काढला. खटाखट बटण दाबणं सुरू झालं. प्रत्येक वेळी गुरम्माच्या पापण्या मिटायच्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून तिला झगझगीत उजेड सोसत नव्हता आणि या येड्यानं तोंडावर बॅटरी सोडलेली. रुद्रेशनं कपाळाला हात लावला. मग सरांचं काहीतरी आठवल्यासारखं म्हणाला, "आत्या, तुम्ही लई टाइट होऊन बसल्यात. सर म्हणतेत, मॉडेलला बोलतं करा. मनातलं काहीतरी दुःख आठवा बरं."

"तुझा मागचा निकाल आठवू का?"

"आत्या, सिरियस!"

"मी सिरियसच हाय की."

"बरं, ऱ्हाऊ द्या. डोळेच मिटा. मिटूनच ठेवा. आतमध्ये बघा."

"आत काय हाय बघायला? च्या बी न्हाई अजून पोटात."

पण तिनं डोळे मिटले. आणि खरं सांगायचं तर मिटल्यावर तिला बरं वाटलं. हा घरातला शेवटचा आठवडा, हे तिला तेव्हाच पहिल्यांदा नीट उमगलं. बाहेर भाजीवाली ओरडत होती, शेजारच्या सिंधूच्या कुकरची शिट्टी झाली. सोमेशच्या पुण्यातल्या अकराव्या मजल्यावर भाजीवालीचं ओरडणं पोचत असेल का, असं काहीबाही तिच्या डोक्यात आलं आणि चेहरा आपोआप शांत झाला. ओठ जरासे उघडे राहिले. रुद्रेश "वा, वा" करत पुढं आला, मागं गेला, स्टुलावर चढला, फरशीवर लोळला. इतकी अंगमेहनत त्यानं पुस्तकांशी केली असती तर एव्हाना लोकांची नाडी बघत असता.

"दाखव," ती खुर्चीवरून उतरत म्हणाली.

"आत्ता न्हाई. एडिट केल्याशिवाय मॉडेलला दाखवायचा नसतो."

"माझं तोंड आणि मलाच दाखवायचं नसतं? कुठल्या शाळेत शिकवतेत रे हे?"

ती भाकरी टाकायला गेली. तिचा मोबाइल बॅटरी जळून जळून डब्यापाशीच बंद पडला होता, तो तिथंच राहिला. रुद्रेश आपल्या खोलीत जाऊन एडिट करत बसला. एडिट म्हणजे काय, तर त्यानं फोटोतला सगळा रंग काढून टाकला. काळापांढरा म्हणजे क्लासिक, हे नांदेडहून आणलेलं ज्ञान. मग अंधार वाढवला. गुरम्माचा गव्हाळ रंग राखेसारखा झाला. विभूती तेवढी पांढरी लखलखीत. मग त्यानं तो फोटो पाठवला, पण एकट्या सोमेशला नाही. तिथं एकच माणूस बघणार. कलावंताला एकानं बघून भागत नसतं. त्यानं तो 'गोतावळा' नावाच्या ग्रुपवर टाकला, जिथं दोन्हीकडचे सगळे नातेवाईक भरले होते, आणि खाली एक अक्षर लिहिलं नाही, कारण सरांनीच सांगितलं होतं की चांगल्या फोटोला शब्द लागत नाहीत. एवढं करून रुद्रेश थकला. फोनचा आवाज बंद केला आणि भर सकाळी पांघरूण ओढून झोपला.

दुपार कलली तेव्हा दारात जीप थांबली. गुरम्मा जेवून पडवीत लवंडली होती. जीपमधून आधी एक भलामोठा झेंडूचा हार उतरला, मग हाराच्या मागून नागप्पा उतरला, मग खांद्यावर भगवी शाल टाकलेले स्वामी उतरले.

नागप्पा म्हणजे तिच्या नवऱ्याचा चुलतभाऊ, उदगीरचा आडत्या. नवऱ्याच्या दिवसकार्याला आला होता, त्यानंतर लातूरला मालाच्या कामानं नेहमी यायचा, पण या उंबऱ्याला त्याची चप्पल कधी लागली नव्हती. आता मात्र तो पायरीवरूनच रडत वर आला. "अय्यो शिवने! वैनी! आम्हाला सोडून गेलाव की!"

गुरम्मा उठून बसली. "कोण गेलं, भावजी?"

नागप्पानं तिच्याकडं बघितलं. तोंड उघडंच राहिलं. हार हातातून सुटला आणि तो मटकन पायरीवर बसला. स्वामी शहाणे होते, त्यांनी फक्त "शिव शिव" म्हटलं आणि जीपवाल्याला गाडी सावलीत लावायला सांगितली.

"वैनी, तुम्ही... तुम्ही बसलेल्या होत्या की!"

"बसलेलीच हाय. लवंडले होते जराशी. तुमाला पाणी आणू का?"

नागप्पानं फोन काढून तिच्यापुढं धरला. गुरम्मानं चष्मा लावला आणि सकाळपासून पहिल्यांदा आपला फोटो बघितला.

लिंगायतात माणूस गेलं की आडवं ठेवत नाहीत. आंघोळ घालून, विभूती लावून, मांडी घालून बसवतात. पाठीला फळी देतात, मान पडू नये म्हणून मागं आधार देतात, डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवतात. माळा घालतात आणि मग सगळे नमस्कार करतात. बसलेलंच माणूस रुद्रभूमीत पुरतात. गुरम्मानं सासऱ्याला असं बसलेलं बघितलं होतं, नवऱ्याला बघितलं होतं. आता तिनं स्वतःला बघितलं. चादर टाकलेली उंच खुर्ची, मागं पाट, उशी, माळ, मिटलेले डोळे, तळहातावर लिंग आणि तोंड राखेच्या रंगाचं. कुठं म्हणून काही कमी नव्हतं.

"आग लागो त्या कलेला," ती म्हणाली. "रुद्र्या!"

रुद्रेश डोळे चोळत आला. आत्या, उदगीरचे काका, स्वामी आणि जमिनीवरचा हार, हे सगळं एका नजरेत बघून त्याला वाटलं फोटो गाजला. तसं तो हसलासुद्धा. मग नागप्पानं त्याला जे सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

"अरे गाढवा, मांडी घालून कुणाला बसवतेत रे खुर्चीवर? पाठीला फळी कुणाला लावतेत? आजोबाला बसवलं तवा कुठं होतास?"

"तिथंच होतो," रुद्रेश म्हणाला. "मोबाइल बघून राहिलो होतो."

एवढं एक वाक्य पोरगं खरं बोललं. नागप्पा पुढं सांगत गेला तसा सगळा गोंधळ गुरम्माला कळत गेला. फोटो पाहिल्यावर त्यानं आधी तिला फोन लावला. बंद. म्हणजे खरंच. रुद्रेशला लावला. उचलेना. म्हणजे पोरगं रडत बसलेलं. शिवमूर्तीला लावला, तर तो नायगावच्या दुकानात फोटो बघून आधीच हंबरडा फोडत होता आणि आता बायकोला घेऊन निम्म्या वाटेत होता. सोमेशला तर किती तरी वेळा लावला. उचलला नाही. म्हणजे गाडी चालवत निघालेला.

"मग म्हणलं, पोरगा पुण्याहून पोचेपर्यंत बाईला बसवून कोण घेणार? घरात एवढं एकच कार्टं. म्हणून विधी करायला स्वामींना घेऊन आलो," नागप्पानं नाक पुसलं. "रुद्रभूमीत खड्ड्याचं बी सांगून ठेवलंय वैनी. ते आता नको म्हणून कळवावं लागंल."

गुरम्माला हसू आलं आणि त्याच वेळी या माणसाचा रागही आला. जिवंतपणी कपभर चहाला आला नाही आणि मेल्यावर जीप करून आला. पण आला तर खरा. तिनं त्याला पाणी दिलं, स्वामींना चटई टाकली, आणि रुद्रेशला म्हणाली, "आधी त्या गोतावळ्यात लिही, मी जित्ती हाय म्हणून. मग मला वाचून दाखव, कोण काय रडलंय ते."

रुद्रेशनं लिहिलं, "आत्या ठणठणीत आहेत. तो फोटो पोर्ट्रेट आहे." एवढी इज्जत गेली तरी त्यानं पोर्ट्रेट हा शब्द सोडला नाही. शिवमूर्तीलाही फोन करून कळवलं आणि बापाचा आवाज ऐकून फोन कानापासून हातभर लांब धरला. मग वाचायला लागला. गुरम्मा पडवीच्या खांबाला टेकून ऐकत बसली. आपल्या मरणाचं असं ताजं ताजं ऐकायला कुणाला मिळतं?

"मुदखेडच्या मावशी म्हणतेत, प्रेमळ आणि मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व हरपले."

"हिच्या पोरीच्या लग्नात मला पंगतीत उठवून पलीकडं बसवलं हिनं. मनमिळाऊ म्हणं! पुढं."

"उमरीचे मामा म्हणतेत, कधीही न भरून निघणारी पोकळी."

"ह्याला माझं नाव तरी ठाऊक हाय का विचार. जन्मभर सोमेशची आई, सोमेशची आई करत आला. पुढं."

"मंजुश्रीताईनं नुसते हात जोडलेत. मग बसम्मा काकूंनी बी हात जोडलेत. मग भावपूर्ण श्रद्धांजली, भावपूर्ण श्रद्धांजली, ॐ शांती, भावपूर्ण..."

लोकांनी शब्द तरी आपल्या हातानं लिहायचे. एकानं टाकलेलं दुसऱ्यानं उचललेलं, दुसऱ्याचं तिसऱ्यानं. मयतीच्या घरी एकाची टोपी दुसऱ्यानं घालून जावी तशातली गत. कुणी तर श्रद्धांजलीखाली वाढदिवसाचा केकही टाकला होता आणि मग काढला होता. गुरम्मा एकेकाला धुऊन काढत होती, नागप्पाही आता रडं विसरून हसायला लागला होता, स्वामींच्या मिशीतही काहीतरी हललं. तेवढ्यात रुद्रेशचा आवाज एका जागी अडकला आणि त्याचा अंगठा भराभर वर सरकला.

"काय झालं?"

"काही न्हाई आत्या. तेच ते. श्रद्धांजल्या."

"मागं घे."

"आत्या, ऱ्हाऊ द्या न आता..."

"मागं घे म्हणलं की."

तिनं फोन त्याच्या हातातून ओढून घेतला. बसम्माच्या जोडलेल्या हातांच्या खाली आणि कुणा लांबच्या जावयाच्या ॐ शांतीच्या वर एक ओळ होती. भावपूर्ण श्रद्धांजली. पुढं दोन जोडलेले हात आणि एक गुलाबाचं फूल. आणि वर नाव, सोमेश पुणे.

गुरम्मानं ते एकदा वाचलं. चष्मा पदराला पुसून पुन्हा वाचलं. नागप्पानं वाकून बघितलं आणि त्याचं हसू जागीच विरलं. "गडबडीत टाकलं असंल वैनी. ऑफिसात असतेत बिचारे."

गुरम्माला दुःखाहून जास्त लाज वाटली. दुसऱ्या बाईच्या पोरानं असं केलं असतं तर तिनं त्या बाईची कीव केली असती. आता उदगीरचा आडत्या तिची कीव करत होता, आणि तेही तिच्याच पडवीत बसून.

रुद्रेशच्या फोनची घंटी वाजली. पडद्यावर पुन्हा सोमेश पुणे असं नाव आलं. नागप्पानं सकाळपासून फोन लावून लावून बोटं झिजवली तेव्हा न उचलणारा सोमेश आता स्वतःहून फोन करत होता. ग्रुपवर रुद्रेशनं लिहिलेलं त्यानं वाचलं होतं. आई गेल्याची बातमी पोराला कळली, ती आई जिवंत आहे असं कुणीतरी लिहिल्यावर.

गुरम्मानं फोन उचलून "हं, बोल" म्हटलं. रुद्रेशनं घाईघाईनं स्पीकरचं बटण दाबलं, आत्याला कानाला धरून नीट ऐकू येत नाही म्हणून.

"आई! अगं काय चाललंय तिकडं? मी किती घाबरलो!"

"कधी घाबरलास?"

"अं? आत्ता गं. आत्ताच वाचलं, आत्या ठणठणीत आहेत म्हणून. म्हटलं, हिला काय झालं होतं?"

"फोटो बघितलास का रे तू?"

"अगं मीटिंगमध्ये होतो मी. सकाळपासून डोकं वर काढायला वेळ नाही. सगळे श्रद्धांजली टाकत होते म्हणून मीही टाकली. मला वाटलं, गावाकडची कोणीतरी म्हातारी असेल."

"हाव. गावाकडचीच हाय मी."

मग सोमेश एकदम चिडला, पण रुद्रेशवर. त्या मुलाला अक्कल नाही, त्याला आधी नायगावला पाठव, असले फोटो काढतात का, माझी ऑफिसात किती शोभा झाली असती, असं तो बोलत सुटला. रुद्रेश मान खाली घालून उभा होता. गुरम्माला त्या क्षणी त्या येड्याची माया आली. त्यानं तिला मारून खुर्चीवर बसवलं होतं हे खरं, पण त्याआधी सकाळभर डोळे फाडून तिच्याकडं बघितलं तरी होतं.

"झालं का बोलून?" तिनं विचारलं.

"हो. म्हणजे, सॉरी आई. खरंच सॉरी. अंजूसुद्धा मला ओरडली." आवाज जरा मऊ झाला, मग पुन्हा कामाचा झाला. "बरं, गुरुवारचं मात्र लक्षात आहे ना तुझ्या? मी बुधवारी रात्री निघतो. पार्टी सकाळीच ऑफिसला येणार आहे. आधार कार्ड आणि दोन फोटो तयार ठेव."

नागप्पानं खाली बघितलं. स्वामींनी डोळे मिटून घेतले. आजवर या विषयावर गुरम्मा बोलायची तेव्हा तिचा आवाज विनवणीचा असायचा. आता तो भाजीवालीला परत पाठवताना असतो तसा निघाला.

"येऊ नको गुरुवारी."

"म्हणजे? आई, पार्टीला शब्द दिलाय. पार्टीला काय सांगू मी?"

"सांग, आई वारली."

"आई! असं काय बोलतेस? असं कसं सांगू मी लोकांना?"

"का? लोकांना सांगितलंस की. पुरावा हाय, गोतावळ्यात, तुझ्या हातचा. फुलासकट. मेलेल्या बाईची सही कुठल्या ऑफिसात चालती रे सोमेश?"

पलीकडून "आई, ऐक ना, आई" असं येत राहिलं. गुरम्मानं फोन रुद्रेशच्या हातात दिला. "हे बंद कर," ती म्हणाली, आणि खाली पडलेला झेंडूचा हार उचलायला वाकली.